शीव (संकल्पना)

शीव म्हणजे गाव, शिवार किंवा शेत जिथे संपते आणि दुसरे सुरू होते ती हद्द. व्यापक अर्थाने ही संज्ञा मानवी अनुभवातील सर्व प्रकारच्या सीमांना लागू पडते. घराचा उंबरठा, गावाची वेस, शेताचा बांध, नदीचा काठ, डोंगराचा कडा, मुहूर्ताची वेळ आणि माणसाची कातडी ही तिची निरनिराळी रूपे होत. वस्तूची सीमा त्या वस्तूचाच भाग असते का, सीमा जगात आधीपासून असते की माणूस ती आखतो, आणि ती ओलांडण्याचा अधिकार कोणाला असतो, हे या संकल्पनेशी निगडित मूलभूत प्रश्न आहेत. मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, संतसाहित्य आणि श्रमजीवन यांत या प्रश्नांची ठळक उदाहरणे आढळतात.

## व्युत्पत्ती व संज्ञा

‘शीव’ हा शब्द संस्कृत ‘सीमा’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आला. गावाच्या शिवेच्या आतील शेतजमिनीला ‘शिवार’ म्हणतात. ग्रामीण मराठीत गावठाणाच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतीच्या जमिनीला ‘काळी’ असे म्हणण्याची जुनी पद्धत आहे. वेस आणि गावकूस पांढरीभोवती असतात, तर शीव काळीच्या टोकाला असते. त्यामुळे पारंपरिक गावाला एकात एक अशा दोन सीमा असत.

अरबीतून आलेला ‘हद्द’ आणि फारसीतून आलेला ‘सरहद्द’ हे शब्द प्रशासनाच्या भाषेतून रुळले. ‘हद्दपार’ हा शब्द आजही पोलिसी कारवाईत वापरला जातो. ‘मर्यादा’ या संस्कृत शब्दाला हद्द आणि शालीनता असे दोन्ही अर्थ आहेत. कडेची ओळख आणि वागणुकीची ओळख भाषेने एकाच शब्दात बांधली आहे. ‘अमर्याद’ हे विशेषण भक्तीला किंवा आकाशाला लावले की स्तुती होते आणि वर्तनाला लावले की निंदा होते. शेताच्या कडेला ‘मेर’, ‘बांध’ आणि मराठवाडा-विदर्भात ‘धुरा’ असेही म्हणतात.

## तात्त्विक विचार

### पाश्चात्त्य परंपरा

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅनॅक्सिमँडर याने विश्वाचे मूळ ‘अपायरॉन’, म्हणजे सीमारहित तत्त्वात शोधले. पायथागोरसच्या अनुयायांनी सीमित आणि असीमित ही जोडी विश्वरचनेच्या मुळाशी मानली. अ‍ॅरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथात वस्तूच्या अंतिम टोकाला सीमा म्हटले आहे. तिच्या पलीकडे त्या वस्तूचे काहीही सापडत नाही आणि तिच्या अलीकडे तिचे सर्व काही असते.

इमान्युएल कांट याने 1783 मधील ‘प्रोलेगोमेना’ या ग्रंथात दोन प्रकारच्या मर्यादांत फरक केला. केवळ अपुरेपणा दाखवणारी मर्यादा वेगळी आणि पलीकडे काहीतरी आहे हे गृहीत धरणारी सीमा वेगळी. यावर हेगेलचा आक्षेप असा की, मर्यादेची मर्यादा म्हणून जाणीव झाली, की विचार तिच्या पलीकडे गेलेलाच असतो. कार्ल यास्पर्सने मृत्यू, दुःख, संघर्ष, अपराध अशा टाळता न येणाऱ्या प्रसंगांना ‘सीमास्थिती’ म्हटले. अशा प्रसंगी माणसाला स्वतःच्या अस्तित्वाचे भान येते, असे त्याचे मत होते.

फ्रान्झ ब्रेंटानो याच्या मते सीमा ही परावलंबी असते. ज्या वस्तूची ती सीमा आहे त्या वस्तूशिवाय ती अस्तित्वात राहू शकत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस बॅरी स्मिथने सीमांचे दोन वर्ग मांडले. नदी, समुद्रकिनारा, त्वचा यांच्यासारख्या सीमा वस्तूंमधील प्रत्यक्ष भेदावर आधारलेल्या असतात. जिल्ह्याची हद्द किंवा भूखंडाची रेषा यांच्यासारख्या सीमा मात्र मानवी निर्णयातून निर्माण होतात. दुसऱ्या वर्गातील सीमा जमिनीवर दिसत नसली, तरी तिचे परिणाम खरे असतात.

### भारतीय परंपरा

भारतीय दर्शनांत सीमेचा विचार मुख्यतः ‘परिच्छेद’ आणि ‘उपाधी’ या संज्ञांतून झाला. वेदान्तात देश, काल आणि वस्तू असे तीन परिच्छेद मानले जातात. एखादी वस्तू इथे आहे म्हणून तिथे नाही, आज आहे म्हणून सर्वकाळ नाही आणि ती ही आहे म्हणून दुसरी नाही. या तिन्हींपासून मुक्त ते ब्रह्म. घटाकाशाचा प्रसिद्ध दृष्टान्त याच विचारातून येतो. घागरीतील पोकळी बाहेरच्या आकाशापासून वेगळी भासते. घागर फुटली की आकाशाला काहीच होत नाही, फक्त वेगळेपणाचा भास संपतो. वाचस्पतिमिश्रांच्या परंपरेशी जोडलेला अवच्छेदवाद जीव आणि ब्रह्म यांच्या संबंधाची मांडणी याच दिशेने करतो.

हा अद्वैतविचार मराठीत आणणाऱ्या आद्य ग्रंथांत मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’चा समावेश होतो. परंपरेनुसार तो शके 1110 (इ.स. 1188) मध्ये रचला गेला. मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दाखवली जाते, तर काही अभ्यासक त्यांचे स्थान विदर्भातील अंभोरे येथे मानतात. ग्रंथाच्या काळाबाबतही मतभेद आहेत.

अंबाजोगाईचेच दासोपंत (1551–1615) यांची ‘पासोडी’ हे सीमाविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे साधन आहे. सुमारे 40 फूट लांबीच्या या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. पंचीकरणाच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक स्थूल महाभूतात निम्मा अंश त्याचा स्वतःचा असतो, तर उरलेल्या निम्म्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. म्हणजे पृथ्वीत पाणी आहे आणि पाण्यात पृथ्वी आहे. पदार्थाला नाव त्याच्यातील प्राबल्यावरून मिळते, शुद्धतेवरून मिळत नाही. दोन पदार्थांमधील सीमा निखळ नसते, हा विचार येथे गणिती प्रमाणात मांडलेला दिसतो.

## भूगोलातील सीमा

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर असून 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 25,85,049 आहे. जिल्ह्यात 11 तालुके आहेत. उत्तरेस गोदावरी नदी बऱ्याच अंतरापर्यंत जिल्ह्याची हद्द ठरवते. दक्षिणेस मांजरा नदी काही भागात धाराशिव व लातूर जिल्ह्यांच्या बाजूची हद्द बनते. पश्चिमेस अहिल्यानगर जिल्हा आणि पूर्वेस परभणी जिल्हा आहे. बालाघाटाच्या डोंगररांगा जिल्ह्याचे दोन भाग करतात. गोदावरीकाठचा सखल भाग ‘गंगथडी’ म्हणून ओळखला जातो आणि उंचावरचा भाग ‘घाट’ म्हणून.

पाटोदा तालुक्याचा परिसर जलविभाजकाचे उत्तम उदाहरण आहे. सिंदफणा व मांजरा या दोन्ही नद्या याच भागात उगम पावतात. सिंदफणा उत्तर-पूर्वेकडे वाहत जाऊन माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळते. मांजरा वेगळ्या वाटेने कर्नाटक व तेलंगणातून फिरून अखेर गोदावरीलाच मिळते. याच तालुक्यात सौताडा येथे कड्यावरून कोसळणारी विंचरणा नदी मात्र सीना व भीमा नद्यांमार्फत कृष्णेच्या खोऱ्यात जाते. शेजारशेजारी पडलेल्या पावसाच्या थेंबांपैकी काही पुन्हा एकत्र येतात आणि काही वेगवेगळ्या मुखांनी समुद्राला मिळतात. जलविभाजक ही निसर्गातील खरी सीमा असली, तरी ती काय कायमचे वेगळे करते हे तिच्यापाशी उभे राहून कळत नाही.

## राजकीय सीमा

1948 पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तर लगतचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा ब्रिटिश मुंबई इलाख्यात होता. आष्टी तालुक्याच्या पश्चिमेची आजची जिल्हा-हद्द त्या काळी दोन राजवटींमधील सीमा होती. तिच्या अलीकडे कारभाराची भाषा उर्दू, चलन हाली शिक्का आणि सरकारी कालगणना फसली होती. पलीकडे इंग्रजी कारभार व कलदार रुपया होता. मालाच्या ने-आणीवर संस्थानचे करोडगिरी नाके जकात घेत. दोन्ही बाजूंच्या गावांची भाषा, नातीगोती आणि देवस्थाने मात्र बहुतांशी सामाईक होती.

1947–48 मधील हैदराबाद मुक्तिसंग्रामात या सीमेला वेगळे महत्त्व आले. संस्थानाबाहेरील भारतीय प्रदेशात सत्याग्रही व सशस्त्र कार्यकर्त्यांचे सरहद्द-तळ उभे राहिले. करोडगिरी नाके ही परकी सत्तेची दृश्य खूण असल्याने त्यांवर हल्ले झाले. या संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्यापूर्वी अंबाजोगाई येथे शिक्षक म्हणून काम केले होते. अंबाजोगाईला त्या काळी मोमिनाबाद म्हणत. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्यात आला. रेषा नकाशावर जवळजवळ जागच्या जागी राहिली, पण तिचा अर्थ बदलला. जिथे चलन बदलावे लागे, तिथे आता केवळ जिल्हा बदलल्याची पाटी असते.

## बांध आणि संदिग्धता

भूमितीतील रेषेला रुंदी नसते. शेताच्या बांधाला ती असते. त्यावर गवत वाढते, बाभूळ व लिंब उभे राहतात, पायवाट जाते. बांध पावसाचे पाणी अडवतो व माती धरून ठेवतो. त्यामुळे तो एकाच वेळी दोन मालकांना वेगळे करणारी खूण आणि दोघांच्याही उपयोगाची जागा असतो. सीमा नेमकी कोणाच्या बाजूची, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. ‘सामाईक बांध’ ही संज्ञा त्याला व्यवहारात उत्तर देते: ती दोघांची असते.

हे उत्तर नेहमीच टिकत नाही. वारसांमध्ये वाटणी झाली की बांधांची संख्या वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याची जमीन घटते. दर हंगामात नांगराचे एखादे तास बांधात घुसवून तो हळूहळू सरकवण्याला ‘बांध कोरणे’ म्हणतात. कोणत्याही एका वर्षी झालेला बदल डोळ्यांना जाणवत नाही, पण काही वर्षांनी जमिनीचा एक पट्टा गेलेला असतो. ग्रीक तत्त्वज्ञ युब्युलिडीसच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या ढिगाच्या कूटप्रश्नाचे हे शेतीतील रूप होय. ढिगातून एक दाणा काढला तरी ढीग उरतो, तर तो ढीग नेमक्या कोणत्या दाण्याला संपतो? तर्कशास्त्रात हा संदिग्धतेचा प्रश्न आहे. गावात तो भाऊबंदकी, मारामारी व दीर्घ चालणाऱ्या दाव्यांचा विषय होतो.

सीमावादाचा विचार प्राचीन धर्मशास्त्रातही आढळतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेवर वड, पिंपळ, पळस यांसारखे वृक्ष लावण्यास आणि जमिनीखाली दगड, हाडे, कोळसा, राख, खापऱ्या अशा न कुजणाऱ्या खुणा पुरण्यास सांगितले आहे. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, शपथपूर्वक शीव दाखवावी, असेही त्यात म्हटले आहे. आधुनिक काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये सीमा व सीमाचिन्हे यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. वाद झाल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज केला जातो. मोजणीने रेषेचे स्थान ठरते. शेजाऱ्याचा त्या रेषेवरील विश्वास मात्र मोजणीतून आपोआप निर्माण होत नाही.

## वेस आणि गावकूस

वेस हे तटबंदीच्या गावाचे प्रवेशद्वार. बीड शहरात राजुरी वेस व कोतवाली वेस ही नावे आजही प्रचलित आहेत. वेशीजवळ मारुतीचे देऊळ आणि शिवेवर म्हसोबा किंवा मरीआईचे ठाणे ही मराठी गावांची सर्वसाधारण रचना होय. पटकीसारखी साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा होती. या प्रथेने रोगालाही हद्द असते असे मानले. शेजारच्या गावाची शीव तिथूनच सुरू होत असल्याने एका गावाची सुटका दुसऱ्या गावाचे संकट ठरे.

पारंपरिक गावरचनेत वेशीची राखण, दवंडी, सरकारी निरोप पोचवणे आणि शिवेच्या खुणांची माहिती ठेवणे ही कामे महार समाजाकडे होती. ‘वेसकर’ किंवा ‘येसकर’ हे नाव त्यावरूनच आले. शीववादात महारांची साक्ष महत्त्वाची मानली जाई. गावाची सीमा ज्याला सर्वांत अचूक ठाऊक होती, त्याचीच वस्ती गावकुसाबाहेर होती. गावाने त्याच्या ज्ञानावर विसंबून आपली हद्द राखली आणि त्याच हद्दीने त्याला बाहेर ठेवले. सीमा केवळ जागा विभागत नाही, ती माणसांची प्रतवारीही करते, याचे हे मराठी समाजातील सर्वांत ठळक उदाहरण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला. ते आधी गावात होते व नंतर बाहेर काढले गेले, हे मत त्यांनी नाकारले. पराभूत टोळ्यांतून फुटलेले लोक प्रथमपासूनच गावाच्या कडेला राहत होते आणि अस्पृश्यता नंतर आली, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. ‘अन्त्य’ म्हणजे टोकाचा, या शब्दाचा अर्थही त्यांनी या संदर्भात तपासला. 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. मराठी साहित्य व चळवळींच्या भाषेत ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द त्यानंतरही बहिष्कृत जगण्याचा वाचक म्हणून टिकून आहे.

## उंबरठा, विधी आणि वेळ

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप याने 1909 मध्ये संक्रमणविधींची तीन टप्प्यांत मांडणी केली: वियोग, उंबरठ्यावरची अवस्था आणि पुनःप्रवेश. पुढे व्हिक्टर टर्नर याने मधल्या अवस्थेचा विस्ताराने अभ्यास केला. मराठी विवाहविधींत हे टप्पे स्पष्ट दिसतात. वराचे सीमांतपूजन म्हणजे मुळात त्याचे गावाच्या शिवेवर केलेले स्वागत होय. नववधू उंबरठ्यावर तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून सासरी प्रवेश करते. विजयादशमीचे सीमोल्लंघनही याच प्रकारचे आहे. गावाची शीव ओलांडून आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून घेऊन परतायचे असते. परत येणे हा त्या विधीचा आवश्यक भाग आहे.

नरसिंहाच्या कथेत हिरण्यकशिपूला मिळालेला वर सीमांच्या आधारे रचलेला आहे. दिवसा नाही वा रात्री नाही, घरात नाही वा बाहेर नाही, माणसाकडून नाही वा पशूकडून नाही. त्याचा वध तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, अर्ध्या माणसाकडून होतो. वर्गीकरणाने ज्या जागा वगळल्या, त्या मधल्या जागाच येथे निर्णायक ठरतात.

काळातील सीमेचे उदाहरण अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीच्या लोककथेत आढळते. परळीच्या वैजनाथाशी विवाहासाठी देवी कोकणातून आली, परंतु मुहूर्त टळला. विवाह झाला नाही, वऱ्हाड पाषाणाचे झाले आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली, असे ही कथा सांगते. परळी आणि अंबाजोगाई यांतील अंतर थोडे आहे. कथेत ओलांडता न आलेली रेषा जमिनीवरची नसून वेळेची आहे.

## स्थलांतर आणि शरीराची सीमा

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात गाळप हंगाम संपल्यावर परततात. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी हे काम केले जाते. पती-पत्नीच्या जोडीला एक ‘कोयता’ मानतात. व्यवहाराच्या हिशेबात व्यक्तीची सीमा येथे हत्याराच्या नावात विरून जाते आणि एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो.

कामाच्या ठिकाणी ही कुटुंबे कोपी नावाच्या तात्पुरत्या झोपडीत राहतात. मूळ गावात ती सहा महिने नसतात आणि जिथे राबतात त्या गावात ती रहिवासी गणली जात नाहीत. रेशन, शाळा, आरोग्यसेवा या सुविधा पत्त्याशी जोडलेल्या असल्याने दोन्हीकडच्या हद्दींच्या मधल्या जागेत त्यांचे हक्क अडकतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाकडून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनात शीव ओलांडणे हा सन्मान असतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत होणाऱ्या या सीमोल्लंघनाला कर्ज आणि कोरडवाहू शेती कारणीभूत असतात.

शरीर ही माणसाची सर्वांत जवळची सीमा होय. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. त्याची चौकशी करण्यासाठी विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. कामातील खाडा परवडत नसल्याने मासिक पाळी व आजारपण हेच अडथळे ठरू लागले, तर शरीराविषयीचा निर्णय किती स्वेच्छेचा मानायचा, हा या प्रकरणातून पुढे आलेला नैतिक प्रश्न आहे.

## मूल्यमापन

सीमांविषयीच्या विचारात दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार सर्व सीमा भासमान असून त्या ओलांडणे हीच मुक्ती आहे. दुसरीनुसार सीमेशिवाय ओळख, मालकी आणि सुरक्षितता शक्य नाही. अद्वैताचा घटाकाश-दृष्टान्त पहिल्या भूमिकेला बळ देतो, परंतु पाणी आणायचे तर घागर अखंड लागते. बांध नसेल तर माती वाहून जाते, आणि तोच बांध कोरला गेला तर भाऊ वैरी होतात. उंबरठ्यामुळे घराला आतबाहेर येते. गावकुसाने मात्र माणसांनाच आतले आणि बाहेरचे केले.

या उदाहरणांवरून सीमेचे मूल्य केवळ तिच्या अस्तित्वावरून ठरवता येत नाही, असे दिसते. ती कोणी आखली, तिचा भार कोणावर पडतो, ती ओलांडणाऱ्याला परत येता येते का आणि दोन्ही बाजूंना ती मान्य आहे का, या कसोट्या त्यासाठी लावाव्या लागतात.

## हेही पहा

* गावगाडा
* सीमोल्लंघन
* विवेकसिंधु
* दासोपंत
* मराठवाडा मुक्तिसंग्राम
* ऊसतोड कामगार
* बालाघाट डोंगररांग